ओसीडी आणि एरोबिक व्यायाम: भरभर चालण्याने लक्षणे खरोखर कमी होतात का?

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय ३९ असून त्यांना ओसीडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो आजार, असल्याचे निदान होऊन बराच काळ लोटला आहे. हात धुणे आणि एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा खात्री करून घेणे ही त्यांची दोन मुख्य लक्षणे आहेत. रात्री झोपण्यापूर्वी गॅसच्या रेग्युलेटरची कळ बंद असल्याचे नुसते पाहून त्यांचे समाधान होत नाही. ती बोटाने चाचपावी लागते, मग ‘बंद आहे’ असे मी तोंडाने म्हणावे लागते, आणि माझ्या आवाजात जराशी घाई जाणवली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सध्या मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली सर्ट्रालीनची गोळी चालू आहे आणि एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे ईआरपी पद्धतीचे, म्हणजे भीतीला सामोरे जाऊन नेहमीची कृती टाळण्याचे, उपचारही चालू आहेत. लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापनीवर त्यांचे गुण २६ होते, ते आता २१ झाले आहेत.

पावसाळा संपल्यावर त्यांनी रोज सकाळी मैदानावर भरभर चालायला सुरुवात केली. चालून आल्यावर तास-दोन तास डोके मोकळे वाटते असे ते स्वतः सांगतात, आणि तेवढ्या वेळात बेसिनकडे जाणे कमी होते हे मलाही दिसते. मात्र याच चालण्याभोवती आता नवे नियम तयार होऊ लागले आहेत. फेऱ्या सम संख्येतच पूर्ण झाल्या पाहिजेत, मैदानावरचे बूट जिन्यातच राहिले पाहिजेत, घामाचे कपडे घरातल्या कपड्यांना लागता कामा नयेत, आणि नंतरची आंघोळ तर दिवसेंदिवस लांबत चालली आहे.

एरोबिक, म्हणजे हृदयाचे ठोके आणि श्वास वाढवणाऱ्या, व्यायामाने प्रौढांमधील ओसीडीची लक्षणे कमी होतात, यास अभ्यासाचा कितपत आधार आहे? किती आणि कोणत्या प्रकारचा व्यायाम करावा? आणि एका बाजूने लाभ होत असताना दुसऱ्या बाजूने आजारालाच नवे खाद्य मिळत असेल, तर हे चालणे चालू ठेवावे की थांबवावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मनोवेध :

कृष्णाकाठ ताई, मी पुण्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. आपल्या यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे जे लिहितो आहे ते सर्वसाधारण स्वरूपाचे आहे असे समजावे. अंतिम निर्णय त्यांच्यावर उपचार करणाऱ्या बाईंशी बोलूनच घ्यावा.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, औषधे आणि ईआरपी यांच्या जोडीला केलेला व्यायाम उपयोगी पडतो असे मानण्यास जागा आहे. परंतु त्यांच्याऐवजी केलेला व्यायाम ओसीडी आटोक्यात आणतो, असे म्हणण्याइतका पुरावा आज तरी उपलब्ध नाही.

या विषयावरचे बरेचसे काम अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात, बटलर रुग्णालय आणि ब्राउन विद्यापीठ येथील संशोधकांनी केले आहे. रिचर्ड ब्राउन, अ‍ॅना अब्रांटेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. आधीपासून उपचार चालू असूनही लक्षणे उरलेल्या १५ रुग्णांना त्यांनी १२ आठवडे मध्यम तीव्रतेचा एरोबिक व्यायाम करायला लावला. लक्षणांची तीव्रता लक्षणीयरीत्या उतरली आणि सहा महिन्यांनंतरही तो उतार बऱ्याच अंशी टिकून असल्याचे दिसले. पुढे २००९ साली याच गटाने प्रत्येक सत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी स्वतंत्रपणे मांडल्या. व्यायामाला आरंभ करताना असलेली अस्वस्थता, खिन्नता, मनात घोळणारे विचार आणि कृती करण्याची ओढ ही सत्र संपताना कमी झालेली आढळली. आपले यजमान ज्याला ‘डोके मोकळे होणे’ म्हणतात तो अनुभव हाच असावा. त्यामुळे तो मनाचा खेळ आहे असे समजून बाजूला सारू नये.

खरी कसोटी २०१७ साली लागली. अब्रांटेस यांच्या गटाने ५६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी केली. एका गटाला १२ आठवडे व्यायाम दिला आणि दुसऱ्या गटाला तितकेच आठवडे आहार, झोप अशा विषयांवरचे आरोग्यशिक्षण दिले. दोन्ही गटांतील रुग्णांचे चालू उपचार तसेच ठेवले होते. अखेरीस दोन्ही गट सुधारले आणि लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत दोघांमध्ये ठळक फरक निघाला नाही. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत २००७ च्या अभ्यासाचे कौतुक होते आणि २०१७ च्या चाचणीचा उल्लेखही नसतो, ही माझी जुनी तक्रार आहे. २०२३ साली इंग्लंडमधील हर्टफर्डशर येथील संशोधकांच्या पुढाकाराने उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाचा परिणाम मोठा दिसला खरा, पण मुळातले अभ्यासच थोडे आणि लहान असल्याने त्या आकड्यावर फार भार टाकता येत नाही.

हे नेमके कशामुळे घडते याविषयी बीडीएनएफ हे मेंदूतील प्रथिन, सेरोटोनिन, एंडॉर्फिन अशी बरीच नावे घेतली जातात. व्यायामाने या रसायनांत बदल होतात हे इतर संदर्भांत दिसलेले आहे, परंतु ओसीडीतील सुधारणा त्यांच्यामुळेच होते असा पुरावा नाही. मला त्यापेक्षा साधे स्पष्टीकरण पटते. झोप सुधारली आणि खिन्नता उतरली की नकोशा विचाराला प्रतिसाद न देता बसून राहण्याची ताकद वाढते; ईआरपीमध्ये रुग्णाकडून नेमकी तीच ताकद अपेक्षित असते. शिवाय छातीत धडधडणे, घाम फुटणे, श्वास वाढणे या ज्या शारीरिक जाणिवा भीतीच्या वेळी ‘आता काहीतरी होणार’ असे सुचवतात, त्याच जाणिवा रोज चालताना कोणताही अनर्थ न होता अनुभवाला येतात आणि आपोआप ओसरतात. त्यांची सवय होते, हाही लहान लाभ नव्हे.

सम संख्येच्या फेऱ्या आणि लांबलेली आंघोळ यांविषयी सविस्तर लिहायचे आहे, ते रात्री लिहितो.

नमुनानिवड :

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे, वैद्यकाशी माझा संबंध नाही. तरी वरील प्रतिसादातील एका मुद्द्याला पुस्ती जोडतो.

ज्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नसतो, त्यातील सुधारणेचे श्रेय थेट उपचाराला देता येत नाही. ओसीडीसारखा चढउताराचा आजार असलेली माणसे अभ्यासात सहभागी होतात ती बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेली गोष्ट काही आठवड्यांत, काहीही केले नाही तरी, थोडी खाली येतेच. त्यात कोणीतरी दर आठवड्याला आपुलकीने विचारपूस करते आहे, ठरलेल्या वेळी घराबाहेर पडावे लागते आहे, याचाही परिणाम होतो. २०१७ च्या चाचणीतील आरोग्यशिक्षणाचा गट का सुधारला असावा, याचे उत्तर मला तरी इथेच दिसते. मात्र त्या निकालाचा उलटा अर्थही काढू नये. ५६ जणांचे दोन गट केल्यावर प्रत्येक गटात उरतात जेमतेम २८. इतक्या लहान संख्येत मध्यम आकाराचा खरा फरकही सहज निसटू शकतो. ‘फरक आढळला नाही’ हे विधान आणि ‘व्यायामाचा उपयोग नाही’ हे विधान, यांत पुष्कळ अंतर आहे.

आता आपल्या घरच्या आकड्यांविषयी. येल-ब्राउन मापनी ० ते ४० गुणांची असते आणि उपचाराला प्रतिसाद मिळाला असे म्हणण्यासाठी संशोधनात साधारणपणे ३५ टक्के घट अपेक्षित धरतात. २६ वरून २१ म्हणजे सुमारे १९ टक्के घट झाली. ३५ टक्क्यांसाठी गुण १७ च्या आसपास यावे लागतील. दिशा योग्य आहे, पण मजल अजून बाकी आहे. आणि गोळी, ईआरपी व चालणे हे तिन्ही एकाच काळात चालू असल्यामुळे त्या पाच गुणांपैकी किती कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे कोणालाही सांगता येणार नाही. केवळ चालण्यामुळेच फरक पडला असे समजून गोळी कमी करण्याचा विचार मनात येत असेल, तर तो कृपया करू नये.

धावती पायवाट :

कृष्णाकाठ ताई, आपल्या यजमानांच्या बाजूने लिहिणारे कोणीतरी असावे, म्हणून लिहितो. मला स्वतःला ओसीडी आहे. माझ्या बाबतीत हात धुणे नव्हते. माझ्या हातून जवळच्या माणसाला इजा होईल असे नकोसे विचार येत आणि ते खोटे ठरवण्यासाठी मी मनातल्या मनात मोजणी करत असे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नसल्यामुळे निदान होण्यातच बराच काळ गेला. उपचारांनी पुष्कळ सुधारणा झाल्यावर मी धावू लागलो आणि अजूनही धावतो.

धावण्याचा लाभ मला निश्चित झाला. पहिली पंधरा-वीस मिनिटे विचारांची गर्दी असते तशीच असते, पण दम लागू लागला की प्रत्येक विचाराला उत्तर देत बसण्याइतकी उसंत मनाला मिळत नाही. विचार येतो आणि आला तसा निघून जातो. तो तसा निघून जाऊ शकतो हे मला समुपदेशनाच्या खोलीत शेकडो वेळा सांगितले गेले होते, परंतु प्रत्यक्ष प्रतीती आली ती रस्त्यावर.

पण आपण ज्या सम संख्येच्या फेऱ्या लिहिल्या आहेत, त्या मी फार जवळून ओळखतो. ‘ही फेरी अर्धवट सोडलीस तर आईला काहीतरी होईल’ हा विचार मैदानावरही आला आणि तेव्हापासून मी धावत होतो की मोजत होतो, हे माझे मलाच सांगता येईना. माझ्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर धावणे बंद करायला सांगितले नाही, तर धावण्यालाच ईआरपीचा अभ्यास बनवले. मनगटावरच्या घड्याळात ४.९७ किलोमीटर दिसत असताना थांबायचे आणि तसेच घरी जायचे. उरलेले ०.०३ पूर्ण करण्यासाठी इमारतीच्या आवारात फेरी मारायची नाही, जिना दोनदा चढायचा नाही, आणि मनात ‘पाच झाले’ असेही म्हणायचे नाही. शेवटची अट मला सर्वांत कठीण गेली. ज्याला हा आजार नाही त्याला हे हास्यास्पद वाटेल, पण त्या ४.९७ ने माझी अख्खी दुपार नासवली होती. नंतर तो आकडा नुसता आकडा राहिला. पुढे मी घड्याळ न घालताच धावू लागलो, आणि आता घातले काय नि न घातले काय, विशेष फरक पडत नाही.

म्हणून माझे मत असे की चालणे थांबवू नये. आजार ज्या ज्या गोष्टीत शिरेल ती ती सोडत गेले, तर शेवटी करण्यासारखे काहीच उरत नाही.

कृष्णाकाठ :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. धावती पायवाट, आपला प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. ४.९७ किलोमीटरच्या ठिकाणी ते प्रथमच मोकळेपणाने हसले आणि ‘याला कळले आहे’ एवढेच म्हणाले.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या. रविवारी मीही त्यांच्याबरोबर चालायला जाते. वाटेत ते ‘दाराला कुलूप नीट लागले होते ना?’ असे विचारतात आणि मी होकार दिला तरी पुढच्या वळणावर पुन्हा विचारतात. उत्तर न दिल्यास चालणे तिथेच थांबते आणि ते घराकडे वळतात. अशा वेळी मी काय करावे? दुसरे असे की, ईआरपीचा गृहपाठ करताना अस्वस्थता फार वाढली की ते तडक बूट घालून मैदानावर जातात आणि शांत होऊन परततात. मला ते चांगलेच वाटत होते, पण वरचे सर्व वाचल्यावर मनात शंका आली आहे.

मनोवेध :

ताई, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते या सगळ्या चर्चेत तोच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

ईआरपीमध्ये रुग्ण भीतीच्या प्रसंगाला मुद्दाम सामोरा जातो, उदाहरणार्थ दाराच्या कडीला हात लावतो आणि हात न धुता थांबतो. अस्वस्थता वाढते. ती धुण्यावाचूनही सोसता येते आणि कालांतराने आपली आपण उतरते, हे शरीराला कळणे हाच त्यातला उपचार आहे. अशा ऐन वेळी उठून मैदानावर गेल्यास अस्वस्थता उतरते हे खरे, पण मनात नोंद होते ती ‘चाललो म्हणून वाचलो’ अशी. म्हणजे हात धुण्याच्या जागी चालणे येते आणि गृहपाठ वाया जातो. तेव्हा गृहपाठाच्या ऐन भरात, आणि तो संपल्यावर अस्वस्थता पुरती उतरण्यापूर्वी, चालायला जाऊ नये. सकाळी चालणे आणि संध्याकाळी गृहपाठ, अशी सरळ विभागणी केली तर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येणार नाहीत. सुटका म्हणून केलेला व्यायाम आणि दिनक्रम म्हणून केलेला व्यायाम बाहेरून अगदी सारखे दिसतात. त्यामुळे हा फरक घरच्यांना सहसा लक्षात येत नाही, आणि आपल्याला तो आला याचे मला कौतुक वाटते.

कुलपाविषयी आपण दिलेला प्रत्येक होकार क्षणभर दिलासा देतो आणि पुढच्या प्रश्नाची तजवीज करून ठेवतो. परंतु रस्त्यात अचानक उत्तर देणे बंद करणे हाही मार्ग नव्हे. त्यातून केवळ भांडण होईल. हे आधी बाईंच्या समोर बसून, यजमानांच्या संमतीने ठरवावे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत आम्ही एक वाक्य ठरवून देतो, जसे ‘याचे उत्तर मी देणार नाही असे आपले ठरले आहे, चला, त्या झाडापर्यंत जाऊ’. सूर रागाचा नको आणि समजावणीचाही नको. सुरुवातीला ते एखाददुसऱ्या रविवारी घराकडे वळतील. वळू द्यावे, पण आपण त्यांच्याबरोबर कुलूप पाहायला जाऊ नये.

फेऱ्यांच्या बाबतीत, फेरी हे मापच काढून टाकणे बरे. वेळेवर चालावे आणि वेळ संपल्याची सूचना मिळेल तिथे, मग ते मैदानाच्या मधोमध का असेना, थांबावे. मात्र बाईंनी फेऱ्यांवरच मुद्दाम काम करायचे ठरवले, तर विषम संख्येवर थांबण्याचा सराव देतील. तो अधिक कठीण आणि अधिक गुणकारी असतो. घाम आल्यावर आंघोळ करणे यात आजार काही नाही, ती सर्वांनीच करावी. आजार आहे तो तिच्या लांबीत आणि क्रमात. साबण किती वेळा लावायचा, एखादा अवयव ‘चुकला’ असे वाटल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करायची का, याचे नियम त्यांनी मनात केलेले असणार, ते बाईंना मोकळेपणाने सांगावेत. बुटांचे टप्पे पाडता येतात: जिन्यातून उंबऱ्यापाशी, उंबऱ्यापासून दिवाणखान्यातल्या चपलांच्या मांडणीत, आणि पुढे घरातल्या इतरांच्या चपलांना लागून. हे टप्पे आपण घरी परस्पर सुरू करू नयेत. आपण अचानक बूट आत आणून ठेवले तर त्यांचा उपचारांवरचा विश्वास उडेल.

नमुनानिवड सरांच्या गणिताशी मी सहमत आहे. फक्त एक विनंती अशी की, चालणे आणि लक्षणे यांची रोजची वही घरी ठेवू नये. खात्री करण्याचा आजार असलेल्या माणसाच्या हाती नोंदवही दिली की तीच तपासण्यात वेळ जाऊ लागतो. मापनीचे गुण बाई ठरावीक काळाने काढतात, तेवढे पुरेसे आहे.

पिंपळपार :

भरभर चालणे जमत नसेल तर अनुलोम-विलोम आणि सूर्यनमस्कार यांनी हेच साधेल का, असे अनेक जण विचारतील, म्हणून लिहितो. अनुलोम-विलोम हा एरोबिक व्यायाम नव्हे, कारण त्यात हृदयाचे ठोके वाढत नाहीत. सूर्यनमस्कार वेगाने आणि सलग घातल्यास तो मध्यम तीव्रतेचा व्यायाम होऊ शकतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी ओसीडीसाठी योगाभ्यासाचा एक स्वतंत्र क्रम तयार केला असून त्याचे प्राथमिक निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पण तो वेगळा विषय आहे आणि त्याचे निष्कर्ष चालण्याला किंवा धावण्याला लावता येणार नाहीत. बारा नमस्कारांचीही सम-विषम मोजणी होऊ शकते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कुटुंबवैद्य :

मी सर्वसाधारण व्यवसाय करणारा डॉक्टर आहे. मानसोपचाराविषयी वर उत्तम लिहिले गेले आहे, मी शरीराच्या बाजूने थोडे लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा. ओसीडीसाठी यापेक्षा वेगळी मात्रा कोणी सिद्ध केलेली नाही. ज्याला सवय नाही त्याने २० मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू ४० मिनिटांपर्यंत जावे. मध्यम तीव्रता म्हणजे २२० उणे वय या ढोबळ सूत्राने येणाऱ्या कमाल ठोक्यांच्या साधारण ५५ ते ६९ टक्के. ३९ वर्षांच्या माणसासाठी मिनिटाला सुमारे १०० ते १२५ ठोके. परंतु आपल्या यजमानांना मी हा आकडा देणार नाही, कारण ते दर शंभर पावलांवर नाडी पाहत बसतील. चालताना सलग बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही जुनी कसोटी त्यांच्यासाठी अधिक योग्य आहे.

सर्ट्रालीनने काहींना घाम जास्त येतो. ज्याला घामाचीच किळस आहे त्याला हे आधी सांगितलेले बरे, नाहीतर तो व्यायामाला दोष देतो किंवा गोळी परस्पर सोडतो. क्लोमिप्रामीन हे ओसीडीवरचे दुसरे औषध घेणाऱ्यांनी अधिक सांभाळावे. त्या औषधाने तोंडाला कोरड पडते, नाडी वाढते, उठून उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते आणि हृदयाच्या विद्युत्प्रवाहावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून जोरकस व्यायाम सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढावा की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, भोवळ येणे, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असल्यास कोणतेही औषध चालू असो वा नसो, आधी तपासणी करून घ्यावी. मे महिन्यात दुपारी चालण्याचा हट्ट धरू नये, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

हा धागा वाचणाऱ्या ज्या कुटुंबांना गावात मानसशास्त्रज्ञ उपलब्ध नाहीत, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

कृष्णाकाठ :

फार मोलाची माहिती मिळाली. पुढच्या भेटीत बाईंना विचारण्यासाठी कुलूप, बूट आणि गृहपाठाची वेळ हे तीन मुद्दे मी लिहून घेतले आहेत. एक शेवटची गोष्ट विचारते. पाऊस किंवा पाहुणे यांमुळे एखाद्या दिवशी चालणे चुकले, तर ते दिवसभर बेचैन असतात आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट चालतात. हे चालू द्यावे का?

मनोवेध :

दुप्पट चालू देऊ नये. चुकलेला दिवस भरून काढणे हे या आजारात हिशेब पूर्ण करण्यासारखेच आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नेहमीइतकेच चालावे आणि राहिलेले राहू द्यावे. बेचैनी व्यायामाची सवय मोडल्याची आहे की नियम मोडल्याची, हे ओळखण्यासाठी मी त्यांना एकच प्रश्न विचारीन: ‘आज चालला नाहीत तर काय होईल असे वाटते?’ ‘अंग जड वाटेल, झोप नीट लागणार नाही’ असे उत्तर आले तर काळजी नाही. ‘काहीतरी वाईट होईल’ किंवा ‘सांगता येत नाही, पण बरोबर वाटत नाही’ असे उत्तर आले, तर आठवड्यातून एखादा दिवस ठरवून चालणे वगळण्याचा सराव बाई त्यांना देतील. तो दिवस दर आठवड्याला एकच नसावा, नाहीतर त्याचाही नियम होईल. निवड त्यांनी न करता आपण करावी आणि त्याच दिवशी सकाळी सांगावी.